ठराव ओला करा



"कायदा झालाय ना, मग आता बोंब कशाला?" पाळी सुटल्यावर टपरीवर हे रोज ऐकतो. बोलणारे आपलेच. म्हणून लिहितोय.

१९१९ च्या कायद्यानं गोऱ्या सायबानं तिजोरी आणि पोलीस स्वतःकडं ठेवले. शाळा, दवाखाने, नगरपालिका प्रांतातल्या देशी मंत्र्यांकडं सोडल्या. तेवढ्या फटीतून सी. के. बोल्यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव पास करून घेतला : सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठं तो ठराव ओला झाला. लगेच ऑगस्टात नगरपालिकेनं तो फिरवला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं!

आता राज्य आपलं म्हणतात. संविधानानं धर्मादाय संस्था समवर्ती सूचीत घातल्या, म्हणजे राज्याच्या विधानसभेलाही कायदा करता येतो. केलाही. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक वाचा. मोठ्या धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, आणखी १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या. २००६ साली हायकोर्टानं योजना आखून दिली : बिलांचे २ टक्के गरिबांच्या निधीत टाकायचे, तातडीच्या गरीब रुग्णाकडं अनामत मागायची नाही.

मागच्या पावसाळ्यात आईला घेऊन अशाच एका इस्पितळात गेलो. आई धापा टाकतेय, आणि खिडकीतला बाबू म्हणतो, "आधी डिपॉझिट." देणगीदारांची नावं दारातच संगमरवरात. कलमाची पाटी जिन्याखाली, झाडूमागं. मला तेव्हा कलम ठाऊक नव्हतं. व्याजानं पैसे काढले, भरले.

ही दया नव्हे रे! धर्मादाय म्हणून ते करात सूट घेतात. ती सूट म्हणजे जनतेचा पैसा, त्यात आपल्या घामाचाही वाटा आहे. मग आपणच हात का जोडायचे?

जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळांनो, पाच-पाच जण इस्पितळात जा. आज किती खाटा रिकाम्या, विचारा. नाही म्हणाले तर लेखी मागा, धर्मादाय आयुक्ताकडं तक्रार टाका, पोच घ्या. दुसऱ्या दिवशी परत जा.

महाडला ठराव होताच. पाणी प्यायला माणसं जावी लागली.

जय भीम.