उन्हाळी वर्ग संपल्यावर

साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव. हळदीचा आणि सोयाबीनचा हा मुलूख. दिवाळीनंतर याच भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्यांची वाट धरतात. अशा गावचा प्राथमिक शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या चांगल्या प्रशिक्षणवर्गाला जाऊन येतो, तेव्हा त्याच्यातील बदल जूनमध्ये गावाच्या नजरेत भरतो. खुर्ची सोडून तो मुलांच्या घोळक्यात बसू लागतो, चिंचोके आणि काड्या घेऊन गणित शिकवू लागतो, मुलांना प्रश्न विचारू देतो. या उत्साहाला 'नव्याचे नऊ दिवस' म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ग्रामीण शिक्षणाची ज्यांना खरी आस्था आहे, त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला पाहिजे: हा उत्साह येतो कोठून, आणि दिवाळीपर्यंत जातो कोठे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात मिळते. १९७२ साली 'किशोर भारती' आणि रसुलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांमध्ये विज्ञानशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने त्याची धुरा घेतली. या प्रयोगाचा कणा होता उन्हाळी प्रशिक्षणवर्ग. तेथे विद्यापीठांतले प्राध्यापक, संशोधनसंस्थांतले शास्त्रज्ञ आणि खेड्यातले गुरुजी एकत्र बसून तेच प्रयोग हाताने करीत. पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रामुळे महाराष्ट्राला परिचित झालेले अरविंद गुप्ता यांची काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची खेळणी याच प्रयोगात जन्माला आली. शिक्षकांच्या अनुभवावरून 'बाल वैज्ञानिक' ही पाठ्यपुस्तके सुधारली गेली. अज्ञ समजून ज्याला आजवर फक्त आदेश ऐकवले गेले, त्या शिक्षकाला आपले म्हणणे कोणी ऐकून घेते, हा अनुभव तेथे प्रथम आला. उत्साहाचे मूळ तेथे आहे. व्याख्यानाने तो येत नाही. बरोबरीच्या वागणुकीने येतो.

तथापि होशंगाबादचे यश केवळ उन्हाळ्यातल्या त्या आठवड्यांचे नव्हते. वर्ग संपल्यावर शिक्षकांच्या मासिक बैठका होत. शाळेत जाऊन पाठपुरावा केला जाई. परीक्षाही बदलली होती, मुलांना पुस्तक उघडून उत्तरे लिहिता येत आणि प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावे लागत. म्हणजे शिक्षकाने जे नवे आणले त्याला वर्षभर आधार होता. हा प्रयोग तीस वर्षे टिकला, आणि २००२ मध्ये तेथील राज्य सरकारने तो बंद केला. उत्साह खालून उगवतो, पण वरून खुडता येतो, हा त्याचा दुसरा धडा.

आपल्याकडे प्रशिक्षणांची वाण नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर लाखो शिक्षकांची उन्हाळी शिबिरे झाली. २०१९ मध्ये 'निष्ठा' कार्यक्रमाने सुमारे बेचाळीस लाख शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवले. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण सांगितले. परंतु बहुतेक वेळा हे प्रशिक्षण उतरंडीने येते. राज्यावर शिकलेला जिल्ह्याला सांगतो, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला; प्रत्येक पायरीवर थोडे पाणी गळते आणि साखऱ्यापर्यंत पोचते ती ओली घागर. शिक्षकाकडून मागितली जाते ती हजेरीपटावरची सही आणि मोबाइलवरचे छायाचित्र. त्याच्या वर्गात पुढे काय घडले, हे पाहायला कोणी फिरकत नाही. महिन्याच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांचे अनुभव ऐकावेत ही कल्पना उत्तम. पण केंद्रप्रमुखांची पदेच वर्षानुवर्षे रिक्त राहिली तर ती परिषद परिपत्रके वाचून दाखवण्यापुरतीच उरते.

उरलेला उत्साह कामाच्या बोज्याखाली दबतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुकांची कामे वगळता शिक्षकाला अन्य बिगरशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. परंतु संगणकावर भरायची माहिती, पोषण आहाराचे हिशेब, नाना सर्वेक्षणे आणि अभियाने ही सारी शाळेच्याच नावाने येत असल्यामुळे कायद्याची भाषा शाबूत राहते आणि शिकवण्याचा वेळ जातो. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या, त्यात एक जण तालुक्याला बैठकीला गेलेला; अशा शाळेत चिंचोक्यांचे गणित किती दिवस चालणार?

हा प्रश्न मराठवाड्याला विशेष झोंबला पाहिजे. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत येथे शिकणे म्हणजे बव्हंशी परक्या भाषेतून शिकणे होते. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिक्षक होते, हा योगायोग नव्हे. त्याही आधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी मागितले होते की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचे वेतन बरे असावे आणि तो शक्यतो कष्टकरी शेतकरी समाजातला असावा. आज साखऱ्यासारख्या गावांत तिसरी अट पुष्कळशी पुरी झाली आहे. शेतकऱ्यांची मुले आणि मुली शिक्षक झाली आहेत. पहिली अट मात्र अजून कागदावरच पुरी होते.

याचा सर्व दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. शिक्षक संघटनांनी वेतनासाठी आणि निवृत्तिवेतनासाठी लढे दिले. ते न्याय्यच होते. पण निकृष्ट प्रशिक्षणाविरुद्ध, रिकाम्या पदांविरुद्ध, वर्गातील वेळेच्या चोरीविरुद्ध त्याच जिद्दीने मोर्चा निघाल्याचे क्वचितच दिसते. कामाचा बोजा ही काही शिक्षकांना सोयीची ढालही झाली आहे. पालकांच्या हे लक्षात येते, आणि मग ज्यांना परवडते ते मुलांना खाजगी शाळेच्या गाडीत बसवतात. उरतात ती ऊसतोड कामगारांची, शेतमजुरांची मुले. शिक्षकाचा उत्साह विझला तर त्याची किंमत हीच मुले मोजतात.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना या विझण्याचा परिचय आहे. शिबिरातून पेटून परतलेला तरुण गावात एकटा पडला की वर्षभरात कसा निवतो, हे त्यांनी अनेकदा पाहिले आहे. त्याला गरज असते सोबतीची आणि कामाच्या आखणीची. शिक्षकाचेही तसेच आहे. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. या समितीच्या बैठका खरोखर भरवणे, प्रशिक्षणाहून आलेल्या शिक्षकाला तेथे बोलते करणे, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची गावातच राहण्याची व्यवस्था वेळेवर करून घेणे, रिक्त पदांचा आणि बेकायदा कामांचा हिशेब ग्रामसभेत मागणे, ही कामे कोणत्याही परवानगीवाचून होण्यासारखी आहेत. आठ-दहा गावांतील शिक्षकांनी महिन्यातून एकदा स्वेच्छेने एकत्र बसावे, यासाठी जागा आणि चहा पुरवणे एवढेही पुष्कळ ठरेल.

जूनमध्ये साखऱ्याच्या शिक्षकाने आणलेला उत्साह ही त्याची खाजगी मिळकत नव्हे, ती गावाची ठेव आहे. दिवाळीला, गाड्या कारखान्यांकडे निघण्याच्या सुमारास, ती शिल्लक आहे का हे पाहण्याची जबाबदारीही गावाची आणि गावात काम करणाऱ्यांची आहे.