‘पोरीसाठी पाहिजे हो सही!’

मैत्रिणींनो, दुसऱ्यांना नावं ठेवायच्या आधी माझीच चोरी सांगून टाकते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाशीमला एका शाळेच्या मैदानावर एक नावाजलेली महिला खेळाडू आली होती. तिचं नाव सांगत नाही, कारण तिचा यात काही दोष नव्हता. पत्रिकेवर ठळक अक्षरात छापलं होतं, ‘बालखेळाडूंशी हितगुज’. वेळ सकाळी साडेआठची. पोरं आठपासूनच सतरंजीवर रांगेत बसलेली. पाहुण्या आल्या साडेदहाला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, ‘दोन शब्द’ म्हणत अर्धा तास बोलणारे दोन वक्ते... हे सगळं तुम्हाला काय नवीन सांगायचं! व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या म्हणून वर्गातून बाकं आणली. हितगुजाला उरली जेमतेम दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत पाहुणी पायऱ्या उतरून खाली आली, तर तिच्याभोवती पहिलं कडं झालं ते आम्हा मोठ्यांचं. पोरं मागं. मी एका ओळखीच्या बाईंच्या मागून आत शिरले, हात लांब केला आणि एका मुलीच्या डोक्यावरून डायरी पुढे धरली. म्हणाले, “पोरीसाठी पाहिजे हो सही!” तिने हसून सही केली.

माझी पोरगी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होती. तिला त्या खेळाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. सही मलाच हवी होती.

आणि जिच्या डोक्यावरून मी हात लांबवला ती दहा-अकरा वर्षांची पोट्टी. हातात दोनशे पानी वही, तिचं मधलं पान उघडून ठेवलेलं. “काकू, मले बी घेऊ द्या ना,” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, “हो बेटा, थांब जरा.” तेवढ्यात कोणीतरी ‘चला, चहा, चहा’ म्हणून ओरडलं, पाहुण्यांना गाडीकडे नेलं आणि गाडी सुटली. तिचं पान कोरंच राहिलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे डिसेंबर २०२५ मधला मेस्सीचा भारत दौरा. लिओनेल मेस्सी कोण ते ज्यांच्या घरात शाळकरी मुलगा आहे त्यांना सांगायला नकोच. बाकीच्यांसाठी सांगते, अर्जेंटिनाला २०२२ चा फुटबॉल विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार. १३ डिसेंबरला तो कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आला. हजारो रुपयांची तिकिटं काढून, लहान लेकरांना घेऊन लोक आले होते. मेस्सी मैदानात उतरला आणि त्याच्याभोवती मंत्री, पुढारी, अधिकारी, सिनेमावाले, त्यांचे नातेवाईक अशी झुंबड उडाली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. गॅलरीतल्या लोकांना मेस्सी दिसलाच नाही. वीसेक मिनिटांत तो निघून गेला, मग बाटल्या फेकल्या गेल्या, खुर्च्या मोडल्या, आयोजकाला अटक झाली, मुख्यमंत्र्यांना माफी मागावी लागली.

दुसऱ्या दिवशी तोच मेस्सी मुंबईत वानखेडेवर. इथे शिस्त बरी होती. राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’ योजनेची सुरुवात त्याच्या उपस्थितीत झाली. तेरा वर्षांखालच्या ६० मुलामुलींना निवडून फुटबॉलचं शिक्षण द्यायचं, अशी ती योजना. त्यातली पोरं मेस्सीबरोबर चेंडू खेळली. ते पाहून डोळे निवले. पण मधेच सिनेमातल्या नटांचे सत्कार सुरू झाले, आणि प्रेक्षकांनी चक्क हुर्यो केली! मला तर ती हुर्यो फार आवडली. आपण इतकी वर्षं असल्या सत्कारांना टाळ्याच वाजवत आलो ना.

आता यावर पेपरातून भरपूर लिहून झालंय. सगळा दोष पुढाऱ्यांवर टाकून मंडळी मोकळी झाली. पण मला राहून राहून वाटतं, त्या कड्यात आपणही होतो. कोलकात्याला नाही, पण आपापल्या गावी.

परदेशात तरी वेगळं आहे का? नाही. अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूएस ओपन टेनिसमध्ये पोलंडच्या कामिल मायख्शाक या खेळाडूने सामना जिंकल्यावर डोक्यावरची टोपी काढून एका लहान मुलाकडे केली. शेजारच्या मोठ्या माणसाने ती मधल्यामधे घेतली आणि बायकोच्या पिशवीत टाकली! व्हिडिओ जगभर फिरला. तो माणूस एका मोठ्या कंपनीचा प्रमुख निघाला. त्याने नंतर माफी मागितली, टोपी परत केली. पण त्याचं म्हणणं काय होतं, ऐका. त्याला वाटलं होतं, खेळाडू टोपी त्याच्या मुलांसाठीच देतोय. म्हणजे ‘पोरीसाठी पाहिजे हो सही’, फक्त पोलिश भाषेत!

त्यानंतर आठवडाभरातच मायामीला बेसबॉलच्या सामन्यात एका बापाने प्रेक्षकांत आलेला चेंडू उचलून मुलाला दिला, तर एक बाई तावातावाने भांडून तो घेऊन गेली. खेळाडूने नंतर त्या मुलाला भेटून सही केलेली बॅट दिली, ते छान झालं. पण लोक त्या बाईच्या मागे असे हात धुऊन लागले की इंटरनेटवर भलत्याच बायकांची नावं ‘हीच ती’ म्हणून फिरली. ज्यांचा मॅचशी संबंध नाही त्यांना शिव्या बसल्या. टोपीवाल्या माणसालाही लोकांनी सोडलं नाही, हे खरं. पण भलत्याच बाईला ठोकून काढायची ही घाई आपल्याकडेही काही कमी नाही, म्हणून सहज सांगितलं.

तिकडे मोठी माणसं सह्या गोळा करतात, त्यातल्या पुष्कळांचा तो धंदा असतो. सही केलेला चेंडू, शर्ट, फोटो विकत घेणारे शौकीन आहेत, म्हणून सहीला बाजारभाव आहे. मुलांना खेळाडू नाही म्हणत नाहीत हे ओळखून काहीजण मुलांच्याच हाती वस्तू देऊन त्यांना रांगेत उभं करतात. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढून खोट्या सह्या करणाऱ्या टोळ्या पकडल्या. त्यात मदर तेरेसांच्या खोट्या सहीचे बेसबॉलसुद्धा सापडले! कुठे मदर तेरेसा आणि कुठे बेसबॉल. असल्या प्रकारांमुळे तिकडच्या काही संघांनी सरावाच्या मैदानावर फक्त मुलांसाठी वेगळी जागा दोरी लावून राखायला सुरुवात केली. मोठ्यांना तिथे मज्जाव.

आपल्या वाशीमच्या पाटणी चौकात सही कोण विकत घेणार? आपल्याकडे बाजार नाही, मान आहे. खेळाडूच्या शेजारी उभं राहणं हा मानाचा भाग आहे, आणि मान नेहमी वरून खाली वाटत यायचा असतो. आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मग त्यांच्या सौभाग्यवती, मग देणगीदार, मग शिक्षक. प्रसाद उरला तर मुलं. कोणाला यात वावगं वाटत नाही. ‘साहेबांच्या मुलासाठी हवीय’ असं कोणी म्हटलं की शिपाईसुद्धा वाट करून देतो. साहेबांचा मुलगा घरी टीव्ही बघत असतो आणि समोर उन्हात बसलेला शेतमजुराचा मुलगा, जो रोज अनवाणी पळतो, तो ‘बाजूला हो रे’ ऐकतो.

त्यात मोबाईलमुळे तर कहरच झालाय. पूर्वी सही घ्यायला निदान वही-पेन लागायचं. आता सेल्फी, त्यातही ‘एक मिनिट, अजून एक, डोळे मिटले वाटतं’. खेळाडू बाई असली तर आणखी वाईट. चाळीस पुरुषांचा घोळका तिच्या अंगाशी येतो, कोणी खांद्यावर हात ठेवू पाहतो. ती आयोजकांकडे बघते, आयोजक स्वतः फोटोत असतात. मग ती लवकर निघाली तर ‘भाव खाते’ म्हणून तिलाच बोल!

या सगळ्यात मागे कोण राहतं? मुली. मुलगे कोपराने वाट काढतात, दोन मोठ्यांच्या पायांमधून घुसतात. मुलींना आपण घरून शिकवून पाठवलेलं असतं. मागे हो, मोठ्यांना जाऊ दे, धक्काबुक्की करू नको. माझ्या हाताखालच्या त्या पोट्टीने धक्का मारला असता तर कदाचित तिला सही मिळाली असती. तिने विनवणी केली.

सही नाही मिळाली तर असं काय बिघडतं, कागदाचा तुकडा तर आहे, असं कोणी म्हणेल. १९८७ सालची गोष्ट सांगते. सचिन तेंडुलकर तेव्हा चौदा वर्षांचा होता. मुंबईच्या क्रिकेट संघटनेचा उत्कृष्ट ज्युनिअर खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं, तो मिळाला नाही. पोरगा हिरमुसला. तेव्हा सुनील गावसकरांनी स्वतः त्याला पत्र लिहिलं आणि समजावलं की हा पुरस्कार पूर्वी आणखी एका मुलालाही मिळाला नव्हता, पण पुढे कसोटीत त्याचं काही वाईट झालं नाही. तो मुलगा म्हणजे अर्थात स्वतः गावसकर. त्या पत्राने किती बळ दिलं हे सचिनने पुढे अनेकदा सांगितलंय. त्याच वर्षी वर्ल्डकपच्या उपांत्य सामन्यात तो वानखेडेवर बॉलबॉय होता, खेळाडूंच्या इतक्या जवळ! मुंबईच्या पोराला ही जवळीक मिळते. आमच्या मानोऱ्याच्या, रिसोडच्या पोरीला नागपूरला सामना बघायला जायचं म्हटलं तर आईला बचत गटातून पैसे उचलावे लागतील. तिच्या गावात मोठा खेळाडू शाळेच्या सगळ्या वर्षांत एकदा आला तर आला. ती सकाळ आपण मोठ्यांनी खाल्ली तर तिच्यासाठी दुसरी सकाळ नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना त्यात होती. तेव्हापासून आमच्या गल्लीत बॅट मागणाऱ्या मुली वाढल्यात. आता सत्कारही वाढतील. म्हणून हा विषय आजच काढला.

पण मोठ्यांना सही हवीशी वाटूच नये, असं माझं म्हणणं नाही. तो माझ्यावरच अन्याय होईल!

मी खो-खो खेळायचे. १९८६ साली दहावीत होते. तेव्हा वाशीम हा अकोल्याचाच भाग होता, वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. जिल्ह्याच्या निवडीसाठी अकोल्याला रात्री मुक्काम करायचा होता. वडील म्हणाले, “पोरीची जात, मुक्काम नाही.” आई गप्प. गुडघ्याला खरचटलेल्या खुणा तेवढ्या राहिल्या. माझ्या वयाच्या कितीतरी जणींची हीच कथा असेल. कुणाची कबड्डी, कुणाची धावण्याची शर्यत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा मी पोळ्यांची कणीक तशीच सोडून टीव्हीसमोर उभी होते. ह्यांनी विचारलं, “रडायला काय झालं?” काय सांगणार!

तर त्या दिवशी मी डायरी पुढे केली ती या भुकेपोटी. भूक खोटी नव्हती. पण माझं हुकलं ते १९८६ मध्ये, त्याची भरपाई त्या पोट्टीच्या वाट्यातून का करून घेतली? आणि वर ‘पोरीसाठी’ असं खोटं! ‘मी पूर्वी खेळायचे, मला तुमची सही हवी आहे’ असं सरळ म्हणायला मला लाज वाटली. साठीकडे झुकलेल्या बाईने सही मागणं शोभत नाही, मुलांच्या नावावर मागितलं की शोभतं. बायकांना स्वतःसाठी काही मागायची सवयच नाही, साडीसुद्धा ‘लग्नकार्य आहे म्हणून’ घेतो.

यंदा आमच्या महिला मंडळाने शाळकरी मुलींच्या कबड्डीचे सामने भरवायचं ठरवलंय. बक्षीस द्यायला एक खेळाडू येणार, अजून नक्की व्हायचंय. मी बैठकीत सुचवलं, ती आली की आधी थेट मैदानात न्यायची. पहिला अर्धा तास फक्त मुली. मोठ्यांपैकी तिथे दोघीच, रांग लावायला. टेबल बुटकं ठेवायचं, मुलींचा हात पोचेल असं. ज्यांना बोलायची भीती वाटते त्यांच्याकडून प्रश्न आदल्या दिवशी लिहून घ्यायचे. सत्कार त्यानंतर, एकच शाल, एकच भाषण. मग सर्वांत शेवटी मोठ्यांची रांग. हवी असेल त्याने स्वतःच्या नावाने सही मागावी, वय कितीही असो.

सगळ्यांना पटलं. एकीने फक्त हळूच विचारलं, “पण ताई, ज्यांनी मंडपाचे पैसे दिले त्यांच्या मिसेस येणार हायेत. त्याईले शेवटी कसं उभं करायचं?”

त्यावर बरीच चर्चा झाली. चहा झाला. निर्णय पुढच्या बैठकीवर गेलाय. मी मात्र माझी ती जुनी डायरी घेऊन एकदा त्या शाळेत जाऊन आले. मुलगी केव्हाच शाळा सोडून गेली होती. कारंज्याकडे कुठेतरी लग्न करून दिली, असं शिपायाने सांगितलं.