गिटारीचा घुमारा

विजेची गिटार ही आतां बेंबळीसारख्या गांवांतहि नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. स्नेहसंमेलन जवळ आलें, कीं ‘रिव्हर्ब’ कोणता घ्यावा हा प्रश्न मुलांपुढें उभा राहतो, आणि त्यासाठीं पैसे किती मोजावे हा पालकांपुढें. उभयतांसाठीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

रिव्हर्ब म्हणजे घुमारा. दूरच्या कड्यावरून आपली हांक स्पष्ट परत येते, तो प्रतिध्वनि. परंतु बंद दालनांत भिंती, छत व फरशी यांवरून नादलहरी इतक्या दाट परततात, कीं त्या वेगळ्या ऐकूं न येतां मूळ सुरामागें लांबत जातात, तो घुमारा. धाराशिवच्या लेण्यांत ज्यानें एखादा शब्द मोठ्यानें उच्चारला असेल, त्यास हें सांगावयास नको. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव असतें. तारेचें कंपन चुंबकानें टिपलें जाऊन थेट ध्वनिवर्धकाकडे जातें. म्हणून तिला घुमारा यंत्रानें द्यावा लागतो.

त्याचे प्रकार मुख्यत्वें तीन. नाद स्प्रिंगांतून खेळविला, कीं थोडा थरथरता घुमारा मिळतो. फेंडर कंपनीनें १९६१ सालीं गिटारीसाठीं अशी स्वतंत्र पेटीच काढली. दुसरा प्रकार ‘प्लेट’. टांगलेल्या पोलादी पत्र्याचें असें यंत्र ईएमटी या जर्मन कंपनीनें १९५७ सालीं आणिलें. तिसरा आंकडेमोडीनें साधलेला. त्यांत लहान खोली किंवा विशाल सभागृह यांचा आभास होतो. आज पायाशीं ठेवावयाच्या एका लहानशा पेडलमध्यें हे तिन्ही सांपडतात.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें, यंत्राआधीं जागेकडे पाहावें. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. १८९५ पासून वॉलेस सेबिन या प्राध्यापकांनीं तेथें खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या. गाद्या वाढल्या तसतसा घुमारा ओसरला. माणसांचीं अंगें व कपडेहि तसाच नाद शोषितात. शहाबादी फरशीचें व पत्र्याच्या छताचें सभागृह रिकामें असतां आधींच घुमतें. तेथें ‘हॉल’ लावणें म्हणजे पावसांत रोपांना पाणी घालणें होय. जलद चालीस ‘रूम’ किंवा थोडी स्प्रिंग पुरे. लांब घुमारा संथ, विरळ सुरांनाच शोभतो. प्रथम कोरा सूर वाजवावा, घुमारा जाणवेपर्यंत वाढवावा, आणि मग किंचित् मागें घ्यावा. बंद केल्यावर चुकल्यासारखें वाटावें, पण चालू असतां निराळें लक्ष जाऊं नये, इतकेंच त्याचें योग्य प्रमाण.

विद्यार्थिमित्रांनो, घुमारा चुका झांकतो, हाच त्याचा मोह आहे. अडखळलेलें बोट, सैल पडलेला ताल, सारें त्या धुक्यांत गोड भासतें. श्रोते कदाचित् फसतील. पण ज्यास स्वतःची चूक ऐकूं येत नाहीं, तो ती सुधारणार कशी? म्हणून सरावाच्या वेळीं रिव्हर्ब बंदच ठेवावा.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं पेडल घेण्यापूर्वीं घरच्या ध्वनिवर्धकांतच रिव्हर्ब आहे काय, हें पाहावें. पुष्कळांत तो असतो. तसें असल्यास तेच पैसे चांगल्या तारांवर व नियमित शिकवणीवर खर्चावे. सूर पक्का झाला, म्हणजे थोडा घुमारा त्यास खुलवील. कच्च्या सुराला मात्र कितीहि महागडें यंत्र पक्का करूं शकणार नाहीं.