गवताचा भाव आणि कापणाऱ्याची मजुरी

घोड्यासाठी गवत घेणारा प्रथम गासडी सोडून आतला वास घेतो. ते योग्यच आहे. घोड्याला ओकता येत नाही. बुरसलेले गवत पोटात गेले तर पोटशूळ उठतो आणि त्याच्या धुळीने दमा जडतो. म्हणून गवत वेळेवर कापावे लागते, उलथून उन्हात वाळवावे लागते आणि ओल न राहू देता गंजीत रचावे लागते. हे सारे कसब मजुराचे. भाव मात्र व्यापाऱ्याच्या पदरात पडतो.

ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी हा प्रश्न १९४५ मध्येच ऐरणीवर आणला. डहाणू-उंबरगावकडचे गवत मुंबईस जात असे. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही किसान सभेची मागणी होती. त्या लढ्यात १० ऑक्टोबर रोजी तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले.

मुंबईतील व्हिक्टोरिया २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. पण माथेरानला घोडे आहेत, अन्यत्र तबेले आहेत; तेव्हा गवताची खरेदी संपलेली नाही. जेथे मजुरी वजनावर ठरते, तेथे वजन केव्हा करावयाचे हाच कळीचा मुद्दा असतो. वाळताना गवताचे वजन पुष्कळ घटते. ही घट मजुराच्या माथी का मारावी? वजन कापणीनंतर लगेच, त्याच्या देखत व्हावे. वाळवण्या-रचण्याची मजुरी निराळी द्यावी. गासडीचा वास घेणाऱ्याने तिच्या किमतीतील किती पैसे विळा धरणाऱ्यास मिळाले, हेही विचारावे.