‘पॉवर’ या एका शब्दानें भागेल काय ?

आमच्या भागांत हल्लीं एका शब्दाची मोठी चलती आहे. विहिरीवरील मोटारीला पॉवर असते, चष्म्याच्या भिंगाला असते, औषधाच्या गोळीला असते, आणि आमदारसाहेबांजवळ तर ती असतेच असते. वर्गांत खडू वाटण्याचें काम ज्याच्याकडे येतें तो विद्यार्थीही ‘मला पॉवर दिली आहे’ असें ऐटीनें सांगूं लागतो. हा शब्द इंग्रजी आहे, ही आमची तक्रार नव्हे. जोर, ताकद, हुकूम, अंमल, हक्क हे शब्द तरी मूळचे आमच्या घरचे कोठें होते ? ते फारशी-अरबींतून आले आणि घरचे झाले. परंतु ते आले ते प्रत्येक जण निराळें काम घेऊन आले. हा नवा पाहुणा मात्र सर्वांचीं कामें एकटाच काढून घेत आहे, आणि तीं नीट करीत नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

आमच्या म्हणण्याची सत्यता ज्यास पाहावयाची असेल त्यानें पावसाळ्यांत नृसिंहवाडीस जावें. तेथें कृष्णा व पंचगंगा यांचा संगम आहे. मराठी व कानडी यांचाही आहे, कारण दत्तदर्शनास येणारे कित्येक यात्रेकरू कानडी मुलखांतले असतात. नदीला पूर आला म्हणजे पाणी मंदिरांत शिरतें आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दारानें बाहेर पडतें. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या वेळीं घाटावरचीं माणसें काय बोलतात तें कान देऊन ऐकावें. पाण्याला ‘जोर’ आहे, धारेला ‘ओढ’ आहे, नावाड्याच्या दंडांत ‘ताकद’ आहे. पूजेचा ‘हक्क’ पुजारी घराण्यांचा आहे. टेंबेस्वामींचें (१८५४–१९१४) नांव निघालें म्हणजे ‘त्यांचा अधिकार मोठा’ असें वृद्ध लोक हात जोडून म्हणतात. आणि पुराची पाहणी करावयास सरकारी गाडींतून जे उतरतात ते ‘अधिकारी’. नदीला अधिकार आहे असें तेथें कोणी म्हणत नाहीं, किंवा स्वामींची सत्ता मोठी होती असेंही कोणी म्हणत नाहीं. व्याकरणाचें पुस्तक न उघडतां लोक हा विवेक सांभाळीत आले आहेत.

या शब्दांचीं मुळें पाहूं गेल्यास मोठी मौज वाटते. ‘शक्ति’ आणि आपलें रोजचें ‘शकणें’ हीं एकाच धातूचीं अपत्यें होत. पॉवर या शब्दाचीही कुळकथा हीच आहे. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजींत गेला, आणि फ्रेंचमध्यें ‘पुव्वार’ हें ‘शकणें’ या अर्थाचें क्रियापदही आहे व ‘सामर्थ्य’ या अर्थाचें नामही आहे. जर्मन लोकांचा ‘माख्त’ हा शब्दही ‘शकणें’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासूनच आला. आमची ‘सत्ता’ मात्र निराळ्या गोत्राची आहे. ती ‘असणें’ या अर्थाच्या धातूपासून निघाली. संस्कृत दर्शनकार सत्ता म्हणजे अस्तित्व असेंच समजतात. मराठींत तिला राज्यपद केव्हां मिळालें असेल तें असो, पण ज्याच्यापाशीं सत्ता नाहीं तो जणूं जगांत नाहींच, असा कांहीं लोकांचा समज दिसतो खरा ! उलट कानडींत ‘सत्त’ म्हणजे ‘मेला’. निवडणुकीच्या दिवसांत आमचे वक्ते ‘सत्ता, सत्ता’ असा घोष करूं लागले म्हणजे कानडी पाहुण्यास कोणी वारल्याची वार्ता ऐकल्यासारखें वाटत असेल. त्याच भाषेंत ‘आळु’ हें क्रियापद राज्य करण्याचा अर्थ दाखवितें, आणि ‘आळु’ हेंच नाम गडी अथवा चाकर या अर्थीं चालतें. हा केवळ योगायोगही असेल, परंतु राज्यकर्त्यांनीं तो लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ‘अंमल’ शब्दाचें तर काय सांगावें ? अरबींत त्याचा मूळ अर्थ ‘कृति’ असा आहे. मराठींत तो राज्याचा अंमल झाला, आणि भांगेचाही अंमल झाला.

परके शब्द काढून टाकण्याचा यत्न आपल्याकडे पूर्वींही झाला आहे. इ. स. १६७४ त राज्याभिषेक करवून घेणाऱ्या शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राजव्यवहारकोश सिद्ध झाला व दरबारी यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरीही हुकूम, अंमल, सरकार हे शब्द आजतागायत आमच्या तोंडीं आहेत; कारण प्रत्येकाला स्वत:चें असें एक काम होतें.

आतां ज्या शब्दासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों त्याकडे वळतों. तो शब्द ‘अधिकार’ होय. नव्या कराराच्या ग्रीक मुळांत ‘दुनामिस’ व ‘एक्सूसिया’ असे दोन निराळे शब्द आहेत. इ. स. १६११ च्या प्रख्यात इंग्रजी भाषांतरांत मत्तयाच्या शेवटच्या अध्यायांतील एक्सूसिया आणि प्रेषितांच्या पहिल्या अध्यायांतील दुनामिस, या दोहोंच्या ठिकाणीं पॉवर हा एकच शब्द पडला. मराठी पवित्र शास्त्रांत मात्र पहिल्या ठिकाणीं ‘अधिकार’ आहे व दुसऱ्या ठिकाणीं ‘सामर्थ्य’ आहे. येथें मराठी इंग्रजीपेक्षां मूळास अधिक जवळची ठरली, याचा आम्हांस अभिमान वाटतो. रोमन लोकही ‘पोतेस्तास’ आणि ‘औक्तोरितास’ असा भेद करीत. सम्राट् ऑगस्टसनें आपल्या कारकीर्दीच्या वृत्तांतांत लिहून ठेविलें आहे कीं, पहिल्या प्रकारांत तो सहकाऱ्यांच्या बरोबरीचाच होता, दुसऱ्यांत मात्र सर्वांच्या वर. त्याचें म्हणणें कितपत प्रामाणिक होतें तें इतिहासज्ञ जाणोत. पण भेद स्पष्ट आहे. हुकूम सोडण्याची मुभा ही एक गोष्ट, आणि ज्याचा शब्द आपणहून मानावासा वाटतो त्याची योग्यता ही दुसरी.

आमच्या ‘अधिकार’ शब्दांत ही योग्यताच प्रथम होती. वेदान्तांत अधिकारी म्हणजे विद्येस पात्र झालेला शिष्य. ‘अधिकारवाणी’, ‘अनधिकार चर्चा’ या प्रयोगांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे. टेंबेस्वामींसारख्या संन्याशापाशीं ना शिक्का होता ना शिपाई. तरी त्यांचा अधिकार लोक मानीत. पुढें पदाबरोबर येणारी मुभा म्हणजे अधिकार झाला, आणि नंतर प्रत्येक नागरिकाचें जें न्याय्य मागणें तेंही अधिकार झालें. राज्यघटनेच्या मराठी भाषांतरांत ‘मूलभूत हक्क’ आहेत, पण २००५ चा कायदा ‘माहितीचा अधिकार’ या नांवानें ओळखला जातो. या वाढीस आमची हरकत नाहीं. परंतु मूळचा अर्थ विसरून ‘अधिकारी’ म्हणजे ज्याच्या हातीं पॉवर तो, एवढेंच आमचीं मुलें शिकलीं, तर अधिकार आहे पण अधिकार नाहीं, अशा मनुष्यास ओळखावयाचें कसें ?

हा नुसता शब्दांचा खेळ आहे असें कोणी म्हणेल. सन २०१९ च्या ऑगस्टांत वाडी व कुरुंदवाड हा मुलूख पुराच्या पाण्यांत गेला. त्या दिवसांत जो तो धरणांच्या दारांविषयीं बोलत होता. राजर्षि शाहू महाराजांनीं बांधावयास घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दारें आहेत. पाणी ठराविक उंचीस पोहोंचलें कीं तीं कोणाच्याही हुकुमावांचून आपोआप उघडतात. कोयनेचीं व अलमट्टीचीं दारें माणसाच्या आज्ञेनें उघडतात. एके ठिकाणीं नुसता पाण्याचा जोर आहे. दुसऱ्या ठिकाणीं जोराबरोबर कोणाचा तरी अधिकार आहे, आणि जेथें अधिकार आहे तेथें जाब विचारतां येतो. ‘पॉवर कोणाकडे ?’ एवढेंच ज्यास विचारतां येतें त्याला जाब यंत्राला विचारावा कीं मनुष्याला, हें ठरवितां येत नाहीं.

पुढील अंकासाठीं आमच्या विद्यार्थ्यांनीं आपापल्या गांवचे असे शब्द लिहून आणावे. घाटावरच्या नावाड्यांस, शेतकऱ्यांस आणि घरांतील आजीबाईंस विचारावें. कानडी शब्द मिळाल्यास तेही अवश्य आणावे. ते मराठी विभागांत छापण्यास आमची कांहीं हरकत नाहीं.