सामान्य माणसाचे चरित्र आणि कागदांची साक्ष

मराठीत चरित्रवाङ्मयाला तोटा नाही. संत, पेशवे, पुढारी, नट, गायक या सर्वांची चरित्रे आपल्याकडे आहेत. ज्याचे चरित्र लिहायचे त्याला आपण 'चरित्रनायक' म्हणतो. म्हणजे चरित्राचा विषय होणारा माणूस नायकच असणार, हे आपल्या परिभाषेनेच गृहीत धरलेले आहे. मग ज्याने लढाई केली नाही, ग्रंथ लिहिला नाही, संस्था काढली नाही, अशा घरातल्या एखाद्या माणसाचे चरित्र लिहिता येईल काय? आणि लिहायचे तर कोणत्या साधनांवर? काही काळापासून हा प्रश्न आम्हां भावंडांपुढे आहे. निमित्त आमच्या पणजोबांचे. सोलापूरच्या ज्या गिरणीला लोक 'जुनी मिल' म्हणत, तिथे ते साच्यावर काम करीत.

ही मिल 1877 साली सुरू झाली. दुष्काळात गाव सोडून आलेल्या कित्येकांना तिने पोटाला लावले. पणजोबा त्यांपैकीच एक. त्यांच्याविषयीचे तीन कागद आमच्या हाती आले. पहिला, आजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. त्यात वडिलांचा धंदा 'मिल मजुरी' असा आहे. दुसरा, नगरपालिकेतील मृत्यूची नोंद. मरणाचे कारण एका शब्दात, 'ताप'. तिसरा, गावच्या तलाठी दप्तरातील 6-क चा, म्हणजे वारस नोंदवहीचा उतारा. त्यात पणजोबांचे नाव कमी होऊन मुलांची नावे लागली आहेत. तीन कागदांवरून माणूस जन्मला कधी हेही ठरत नाही. आजोबांची जन्मतारीखसुद्धा 1 जूनच आहे. महाराष्ट्रातल्या त्या पिढीतील असंख्य लोकांचा जन्म 1 जूनला झाला, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई आणि गुरुजींना रकाना भरायचा असे.

या कागदांकडे नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. पणजोबा कसे होते, हे यांपैकी कोणीच विचारलेले नाही. शाळेला पालक हवा होता, नगरपालिकेला मृतांची मोजदाद हवी होती, महसूल खात्याला सारा कोणाच्या नावे लावायचा ते हवे होते. ज्याने जे विचारले तेवढेच उतरले. म्हणून कुटुंबेतिहासाच्या अभ्यासकाने कागद काय सांगतो याआधी तो कोणी, कोणासाठी लिहिला, हे विचारले पाहिजे. सोलापुरात तर लिहिणाऱ्याची भाषाही पाहावी लागते. तेलुगू पद्ममशाली कुटुंबांत 'इंटिपेरु', म्हणजे घराचे नाव, आधी येते आणि माणसाचे नंतर. मराठी कारकून स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहिणार. एकच माणूस दोन दप्तरांत दोन वेगळी माणसे होऊन बसतो, ते असे.

इंग्लंड-वेल्समध्ये जनगणनेचे घरोघरचे तक्ते शंभर वर्षांनी खुले होतात. 1921 चे तक्ते 2022 मध्ये खुले झाले, आणि कोणीही आपल्या खापरपणजीचे घर, वय, धंदा पाहू शकतो. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती पाहण्याचा हक्क कोणालाच ठेवलेला नाही. त्यामुळे आपला सामान्य माणूस कागदावर दिसतो तो मुख्यतः जमीन, शाळा, मरण किंवा गुन्हा यांच्या संदर्भात.

यांतला गुन्ह्याचा संदर्भ सोलापूरला विशेष परिचयाचा आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पुढच्या काळात या शहरात तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' उभी राहिली. तिथल्या माणसांची नावे, बोटांचे ठसे, हजेऱ्या सरकारने काटेकोर ठेवल्या. हा कायदा देशभर रद्द झाला तो 1952 साली. मिलमधल्या मजुरापेक्षा सेटलमेंटमधला माणूस दप्तरात अधिक सापडण्याचा संभव, तो यामुळे. पण ती नोंद संशयातून झालेली आहे. तिच्यावरून चरित्र लिहू पाहणारा नातू पोलिसांच्या नजरेनेच आजोबांकडे पाहू लागण्याचा धोका असतो. भरपूर नोंदी मिळाल्या म्हणजे माणूस सापडला, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उलट जुन्या मिलचेच पाहा. ऑगस्ट 1949 मध्ये ती बंद पडली, हजारो कामगार घरी बसले. जानेवारी 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढून मिलचा कारभार हाती घेतला. याविरुद्ध चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची याचिका त्याच वर्षी फेटाळली गेली. तरीही त्यांचे नाव आजही कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. साच्यावर उभे राहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या निकालामुळे कोणाला ठाऊक झालेले नाही.

अशा वेळी घरच्यांना एक मोह होतो, आणि आमचा खरा आक्षेप त्या मोहाला आहे. 8 मे 1930 ला सोलापुरात गोळीबार झाला, 12 मेपासून लष्करी कायदा लागू झाला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले गेले. या शहराला त्या दिवसांचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र त्या अभिमानापोटी घरोघरी पणजोबा चळवळीत होते असे सांगितले जाते. आमच्याही घरी सांगतात. कागद नाही म्हणून ते खोटे ठरत नाही, आणि सांगतात म्हणून खरेही ठरत नाही. परंतु त्यांना चळवळीत घातल्याशिवाय त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही असे आपल्याला वाटते, यातच आपण त्यांची किंमत काय करतो ते उघड होते. चाळीस वर्षे साच्यापुढे उभे राहणे हे आपल्याला चरित्र वाटत नाही.

फ्रेंच इतिहासकार आलँ कोर्बँ यांनी 1998 साली एक वेगळा प्रयोग केला. दप्तरातून डोळे झाकून एक नाव काढले: नॉर्मंडीतला लाकडी जोडे करणारा, निरक्षर लुई-फ्रान्स्वा पिनागो (1798–1876). त्याने स्वतःचा एक शब्दही मागे ठेवलेला नव्हता. कोर्बँ यांनी त्याला नायक केले नाही. त्याच्या भोवतीचे रान, बाजार, कर्ज, हवामान, ऐकू येणारे आवाज यांचा कसून शोध घेतला आणि मधली त्याची जागा रिकामी राहू दिली. सोलापूरसाठी अशी सामग्री आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चावर 1928 साली अहवाल प्रसिद्ध केला. पुढे धनंजयराव गाडगीळांनी या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. त्यांत आमचे पणजोबा नाहीत, त्यांच्यासारख्यांचे ताट, भाडे आणि कर्ज आहे. 'त्यांच्यासारख्यांचे' आणि 'त्यांचे' यांतला फरक वाचकाला दिसत राहील असे लिहिणे, हीच या प्रकारच्या लेखनाची नीती. कादंबरीकाराने खुशाल कल्पना करावी. चरित्रकाराने ती करताना तसे सांगावे.

नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' (1993) या पुस्तकामागे वडिलांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी होत्या. मुलाच्या आग्रहामुळे एका कामगाराने लिहिले. म्हणजे विचारणारा घरातला असला तर वेगळा कागद तयार होतो. आमच्या पणजीला हे कोणी विचारले नाही. 6-क मध्ये ती 'मयताची विधवा' एवढीच आहे. ती घरी बसून विड्या वळत असे, हे आम्हांला केवळ आजीच्या तोंडून कळले. विडी कामगारांचा कायदा आला 1966 साली. त्याआधी घरात वळलेल्या तिच्या विड्यांचा हिशेब कारखानदाराकडे असेल, पण तिच्या नावाचा एकही कागद आमच्या घरात नाही.

2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली मोडी दप्तरे उघडली गेली आहेत. हक्काचा पुरावा शोधणाऱ्याने एकच रकाना वाचावा, हे स्वाभाविक आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र त्याच ओळीतले उरलेले रकानेही वाचावेत. मराठीच्या प्राध्यापकांना आमची सूचना अशी, की चरित्र-आत्मचरित्राचा पेपर शिकवताना प्रत्येक विद्यार्थ्याला घरातल्या एका अप्रसिद्ध माणसाचे दहा पानी चरित्र लिहायला सांगावे. अट दोनच. प्रत्येक विधानापुढे ते कशावरून, हे सांगितले पाहिजे. आणि घरातल्या वृद्ध स्त्रियांशी बोलल्याखेरीज लेखनाला हात घालू नये. दप्तरे आणखी काही वर्षे थांबतील, त्या थांबतील याची खात्री नाही.