ऊन डोळ्यावर आलं, म्हणून सुटका नाही

बिबवेवाडीला लागून असलेल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल नेणाऱ्या शेतकरी बंधूंना हा अनुभव नवा नाही. रात्री भाजीपाला भरायचा, पहाटे गाळ्यावर उतरवायचा आणि उजाडता उजाडता गावाकडे निघायचं. हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याला लागलं की सूर्य बरोबर समोर. रात्रभराचं जागरण, काचेवर धूळ आणि त्यात हे तिरपं ऊन. दोन-तीन सेकंद पुढचं काहीच दिसत नाही. संध्याकाळी त्याच रस्त्याने पुण्याकडे येणाऱ्याची गतही तीच.

दोन-तीन सेकंद म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत ४२ मीटर तुम्ही डोळे मिटल्यासारखीच गाडी हाकता. तेवढ्यात सायकलवरून शाळेला निघालेलं पोर असेल, नाहीतर उसाची ट्रॉली उभी असेल.

अपघात झाला की जबाब ठरलेला असतो, "साहेब, ऊन डोळ्यावर आलं, दिसलंच नाही." ही देवाची करणी, यात आपला काय दोष, असं आपल्याला वाटतं. पण एवढ्यावर कायद्यात सुटका होत नाही. धरणीकंप सांगून येत नाही. सूर्य मात्र रोज ठरल्या बाजूला उगवतो, आणि जे आधी माहीत आहे त्याची काळजी चालकानेच घ्यायची असते. उलट, दिसत नसताना गाडी पुढे दामटली, अशी ती कबुलीच ठरू शकते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला तर कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती.

भरपाईचा मामला वेगळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. पिकअपवर पगारी ड्रायव्हर आहे म्हणून मालक मोकळा होत नाही. विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते. पण विमा संपलेला असेल तर बोजा मालकावरच पडतो. पोराकडे लायसन नसताना गाडी हातात दिली असेल, तर कंपनी दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मग जमिनीचा तुकडा विकायची पाळी येते.

दुसरी बाजूही बघा. ट्रॉली भर रस्त्यात, मागे परावर्तक पट्टी नसताना उभी केली असेल, तर दोषाचा वाटा तिच्या मालकाकडेही येतो.

घरचं माणूस गेलं असेल तर दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. कलम १६६ खाली दोष दाखवून जादा मागता येतात. कोणता मार्ग धरायचा ते वकिलाला विचारून ठरवा.

सरपंच आणि पोलीस पाटील यांनीही लक्ष घालावं. पंचनाम्यात अपघाताची नेमकी वेळ, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला होतं, ब्रेकच्या खुणा आणि ट्रॉलीची पट्टी यांची नोंद झाली का ते पाहावं. पुढे सगळा दावा त्या कागदावर उभा राहतो.

चालकाने करायचं ते साधं आहे. निघताना काच आतून-बाहेरून पुसा. काळी फिल्म लावू नका, पुढच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे. वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर राखा. अगदीच दिसेना झालं तर गाडी रस्त्याच्या खाली घ्या, चहा प्या, सूर्य कासराभर वर येऊ द्या. अर्ध्या तासाने घरी पोचलात म्हणून कुणी रागावणार नाही.